खुर्चीशेजारचे अध्यापन : दंतवैद्य व त्यांचे सहायक यांचे एकास-एक मार्गदर्शन

प्रास्ताविक

वैद्याचे शिक्षण पदवीने संपत नाही, हे आपण सारेच म्हणतो. परंतु पदवीनंतरचे शिक्षण नेमके कोठे व कोणाकडून घ्यावयाचे, याचे उत्तर आपणांपैकी बहुतेकांना स्वतःच्या रुग्णांवरच शोधावे लागते. परिषदा होतात, व्याख्याने होतात, प्रमाणपत्रे मिळतात. आणि सोमवारी सकाळी चिकित्सालयाचे दार उघडले की वैद्य पुन्हा एकटाच असतो. ही उणीव भरून काढण्याचा एक मार्ग दंतवैद्यांनी शोधला आहे. अनुभवी दंतवैद्याने दुसऱ्या दंतवैद्याच्या चिकित्सालयात जावे, त्याच्याच खुर्चीशेजारी, त्याच्याच सहायकांसमवेत, त्याच्याच रुग्णांवर चाललेले काम पाहावे व सुधारावे, असा तो मार्ग होय. प्रस्तुत लेखात त्याचा विचार केला आहे.

आयुर्वेदाच्या त्रैमासिकात दंतवैद्यांचा विषय कशासाठी, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. सुश्रुताचार्यांनी पासष्ट मुखरोग सांगितले. त्यांत दंतमूलगत पंधरा व दंतगत आठ मोजले. त्यामुळे हा प्रांत आपणांस परका नाही, हे एक उत्तर. दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. ज्या पद्धतीचे आज नवीन म्हणून कौतुक होते तिची मुळे आपल्याच संहितांत आहेत आणि आपणच ती व्यवहारातून हळूहळू सोडून दिली आहे. आम्हांस याची जाणीव एका चुकीमुळे झाली. ती चूक सांगूनच पुढे जाणे योग्य.

एक अनुभव

व्यवसायाच्या तिसऱ्या वर्षीची गोष्ट. तालुक्याच्या गावी आमचे छोटे चिकित्सालय होते. पायावरील जुनाट विचर्चिकेसाठी साठीच्या घरातील एक शेतकरी आले. दोषदूष्यांचा विचार करून जलौकावचरण ठरविले. प्रकृती विचारली, नाडी पाहिली, मधुमेहाविषयी विचारले. पूर्वी काही मोठा आजार झाला होता काय, असेही विचारले. त्यांनी नकारार्थी मान हलविली. तीन जलौका लावल्या. त्या यथाकाल सुटल्या. दंशस्थानी हरिद्राचूर्ण दाबून बंध बांधला व त्यांस घरी पाठविले.

जलौकेच्या दंशातून काही तास रक्त झिरपत राहते, हे आपणांस ज्ञात आहे. परंतु रात्री दोन वाजता त्यांचा मुलगा दारात उभा राहिला, तेव्हा तिसरी पट्टी भिजली होती. संधान व स्कंदनाचे जे उपाय हाताशी होते ते केले, रक्त थांबेना. पहाटे रुग्णास जिल्ह्याच्या ठिकाणी हलविले. तेथे कळले की, सहा वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाची झडप बदललेली होती आणि ते रोज वॉरफेरिनची गोळी घेत होते. रुग्ण वाचले, तिसऱ्या दिवशी घरी आले, आणि आमच्यावर राग न धरता पुढेही येत राहिले. हा त्यांचा मोठेपणा.

खरा धक्का नंतर बसला. आमच्या येथे काम करणाऱ्या मावशी पायाला तेल लावण्यासाठी खाली बसल्या असता रुग्ण त्यांना म्हणाले होते, ‘मावशी, जरा बेतानं. काळजाची झडप बदललीय माझी, रोज गोळी असते.’ मावशी ‘बरं बाबा’ म्हणाल्या आणि हात हलका केला. त्यांनी त्यांचे काम चोख केले होते. ही गोष्ट वैद्यांना सांगावयाची असते, हे त्यांना कोणी कधी सांगितलेच नव्हते. ज्या माहितीवर एका माणसाचे प्राण अवलंबून होते ती माहिती आमच्या चिकित्सालयात होती. ती फक्त आमच्यापर्यंत पोहोचली नाही.

शेजारच्या चिकित्सालयातील दृश्य

पुढे काही वर्षांनी आम्ही ज्या इमारतीत जागा घेतली तेथे शेजारी एक तरुण दंतवैद्य होते. दंतवैद्यकाची पदवी, चार वर्षांचा अभ्यास व एक वर्षाची आंतरवासिता, असे त्यांचे शिक्षण. हाताशी बारावी झालेली एक सहायिका व उपकरणे धुणारा एक मुलगा. काम मनापासून करीत, परंतु खालच्या दाढांना दिलेली भूल वारंवार अपुरी पडे आणि रूट कॅनॉल केलेले काही दात पुन्हा ठणकू लागत. त्यांनी पुण्याच्या एका ज्येष्ठ दंतवैद्यांना विनंती केली. ते दर महिन्याच्या एका गुरुवारी येऊ लागले, वर्षभर आले. शेजारधर्म म्हणून व पुढे कुतूहल म्हणून आम्हीही, रुग्णांची अनुमती घेऊन, त्यांतील काही गुरुवार तेथे बसलो.

पहिल्या भेटीपूर्वी त्यांनी दहा रुग्णांची टिपणे व एक्स-रे मागविले होते. त्यांत किमान पाच तरी बिघडलेली प्रकरणे असावीत, अशी अट होती. आल्यावर त्यांनी हातमोजे घातले नाहीत. सकाळचे संपूर्ण सत्र ते एका स्टुलावर बसून राहिले आणि एक शब्दही बोलले नाहीत. दुपारी त्यांनी प्रथम दंतवैद्यांना न बोलावता सहायिकेस बोलावले व विचारले, ‘ताई, डॉक्टरांना न सांगता पेशंट तुम्हाला काय काय सांगतात?’

आम्ही दारात उभे होतो. आम्हांस मावशी आठवल्या.

ती मुलगी आधी संकोचली. मग बोलू लागली. एक आजोबा म्हणाले होते की रक्त पातळ होण्याची गोळी आहे, पण डॉक्टर दात काढणार नाहीत म्हणून सांगत नाही. एक बाई गरोदर होत्या, पण घरी अद्याप सांगितले नव्हते. एकीला हाडांसाठी वर्षातून एकदा सलाइनमधून औषध मिळत होते. ज्येष्ठ दंतवैद्यांनी त्या प्रत्येकाचे महत्त्व तिला समजावून सांगितले. रक्त पातळ करणारी गोळी असता साध्या दंतोत्पाटनासाठी ती परस्पर बंद करावयाची नसते. कारण ती बंद केल्याने रक्ताची गुठळी होण्याचा धोका अधिक मोठा असू शकतो. वॉरफेरिन असेल तर आय.एन.आर. ही तपासणी पाहावयाची, हृदयरोगतज्ज्ञांशी बोलावयाचे, आणि दाब, टाके व रक्तस्तंभक द्रव्य यांची तयारी ठेवूनच दात काढावयाचा. गर्भिणीच्या बाबतीत एक्स-रे व औषधे यांचा विचार निराळा. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून दिल्या जाणाऱ्या काही औषधांनंतर दात काढल्यास जबड्याचे हाड भरून न येता मृत होण्याचा संभव असतो. ही औषधे रुग्णाच्या दृष्टीने ‘दाताशी संबंध नसलेली’ असतात. म्हणूनच ती सांगितली जात नाहीत. त्या दिवशी सहायिकेच्या मेजावर चार प्रश्नांचा कागद चिकटला आणि उत्तर ‘होय’ आले तर रुग्ण खुर्चीवर बसण्यापूर्वी डॉक्टरांना सांगावयाचे, असा नियम झाला.

येथे सुश्रुताचार्यांच्या एका इशाऱ्याचे स्मरण होते. मुखरोगचिकित्सेत त्यांनी वरचा दात हलत असला तरी उपटू नये असे सांगितले आहे. आणि कारण दिले आहे ते अतिरक्तस्रावाचे व त्यातून उद्भवणाऱ्या दारुण उपद्रवांचे. आज भूल, टाके व एक्स-रे हाताशी असल्याने तो निषेध जसाच्या तसा पाळला जात नाही. तथापि दात काढण्यापूर्वी रक्ताचा विचार करावा, हा त्यामागील विवेक आजही तितकाच खरा आहे.

हात कसा सुधारतो

दुसऱ्या भेटीपासून प्रत्यक्ष कर्माकडे लक्ष वळले. खालच्या दाढांची भूल अपुरी का पडते, हे त्यांनी व्याख्यानाने सांगितले नाही. तीन रुग्णांवर दंतवैद्यांचा हात पाहिला. चौथ्या वेळी सिरिंज स्वतः न घेता फक्त म्हणाले, ‘तोंड अजून थोडे उघडू द्या, आता तुमचा अंगठा हाडाच्या खोलगट कडेवर आहे का ते पाहा.’ विरुद्ध बाजूच्या उपदाढांवरून सिरिंजची दिशा, दाढांच्या चावण्याच्या पातळीपासून सुमारे एक सेंटीमीटर वर सुईचा प्रवेश, हाडाचा स्पर्श झाल्यावर किंचित मागे येऊन, रक्तवाहिनीत सुई नाही याची खात्री करून मगच औषध सावकाश सोडणे, हे सर्व त्या दंतवैद्यांनी महाविद्यालयात वाचलेले होते. अपेक्षित जागेच्या खाली औषध पडणे हे या भुलीच्या अपयशाचे नेहमीचे कारण, हेही ठाऊक होते. परंतु आपला स्वतःचा हात नेमका अर्धा सेंटीमीटर खाली जातो, हे कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नसते. ते शेजारी बसलेल्या डोळ्यांनाच दिसते.

रबर डॅमचे उदाहरणही असेच बोलके आहे. रूट कॅनॉल करताना दाताभोवती पातळ रबराची चादर ताणून केवळ तो दात उघडा ठेवावयाचा असतो. त्यामुळे लाळ आत जात नाही, दातातील नलिका धुण्याचे दाहक द्रावण तोंडात सांडत नाही आणि बारीक सुईसारखे उपकरण निसटून घशात जाण्याचा धोका टळतो. आमच्या शेजाऱ्यांनी महाविद्यालयात तो वापरला होता व व्यवसायात सोडून दिला होता. कारण विचारता ते म्हणाले, ‘वेळ फार जातो.’ ज्येष्ठांनी पाहिले की ते एकट्याने दोन माणसांचे काम करीत होते. म्हणून त्यांनी प्रथम सहायिकेस शिकविले: कोणत्या दातासाठी कोणता क्लॅम्प, भोक कोठे पाडावयाचे, चादर कोणी धरावयाची व दोरा कोणी फिरवावयाचा. तिसऱ्या महिन्यात रबर डॅम हा त्या चिकित्सालयातील नित्याचा विषय झाला. दंतवैद्यांचे ज्ञान तितकेच राहिले होते. बदल झाला तो सहायिकेत.

दोघांच्या बसण्याच्या जागाही त्यांनी घड्याळाच्या आकड्यांवरून ठरवून दिल्या. रुग्णाच्या डोक्याकडील बाजू बारा मानली, तर उजव्या हाताने काम करणारा दंतवैद्य सात ते बारा या भागात, सहायिका दोन ते चार या भागात, आणि उपकरणांची देवाणघेवाण चार ते सात या भागात, म्हणजे रुग्णाच्या छातीवर हनुवटीखाली. डोळ्यांवरून कधीही नाही. वरकरणी ही किरकोळ बाब वाटते. परंतु दंतवैद्याची दृष्टी मुखातून न हलता उपकरण हाती येते, मान वाकत नाही, रुग्णाच्या डोळ्यावर टोकदार वस्तू पडण्याची शक्यता राहत नाही. चार हातांचे काम एका मनाने होते.

उपकरणे धुणाऱ्या मुलाकडेही त्यांनी एक संपूर्ण तास दिला. तो ऑटोक्लेव्ह सुरू केल्यापासून पंधरा मिनिटे मोजून बंद करीत असे. १२१ अंश सेल्सिअस तापमान व १५ पौंड दाब गाठल्यानंतर वेळ मोजावयाची, पाकिटात बांधलेल्या उपकरणांना त्याहून अधिक वेळ द्यावयाचा, डबा दाटीवाटीने भरावयाचा नाही कारण मग वाफ आत पोहोचत नाही, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. त्याची चूक नव्हती. त्याला बटण दाखविले होते, कारण दाखविले नव्हते. कारण कळल्यावर त्याने स्वतःहून वही घातली व प्रत्येक फेरीची वेळ लिहू लागला.

शास्त्राधार

हे सर्व पाहताना आम्हांस वारंवार वाटत होते की आपण हे कोठेतरी वाचले आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नववा अध्याय योग्यासूत्रीय होय. सर्व शास्त्र अवगत झालेल्या शिष्याकडूनही योग्या, म्हणजे कर्माभ्यास, करवून घ्यावा, असा त्याचा आशय आहे. छेद्यकर्मासाठी भोपळा, काकडी यांसारखी फळे. वेध्यासाठी मृत पशूंच्या सिरा व कमळाचे देठ. सीव्यासाठी वस्त्र व मऊ चामडे. बस्तिनेत्राच्या योजनेसाठी पाण्याने भरलेल्या घटाच्या बाजूचे छिद्र. आणि आहार्य कर्मासाठी सांगितलेल्या द्रव्यांत फणस, बिल्व यांच्या गराबरोबर मृत पशूंचे दात आहेत. दंतोत्पाटनाचा हात रुग्णाच्या मुखात जाण्यापूर्वी निर्जीव दातावर बसला पाहिजे, हा विचार इतक्या स्पष्टपणे मांडलेला पाहून आजच्या दंतमहाविद्यालयातील कृत्रिम जबड्याची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

याच स्थानाच्या तिसऱ्या अध्यायात, केवळ शास्त्र जाणणारा व केवळ कर्म जाणणारा असे दोघेही अपुरेच, एका पंखाच्या पक्ष्यासारखे, असा दृष्टांत आहे. तर चरकाचार्यांनी वैद्याच्या चार गुणांत शास्त्राच्या निर्मळ ज्ञानानंतर लगेच बहुशो दृष्टकर्मतेला स्थान दिले. कर्म पुष्कळदा पाहिलेले असणे हा स्वतंत्र गुण मानला. तो श्रवणाने वा पाठांतराने येतो असे म्हटले नाही.

परंतु आमच्या मते सर्वांत उपयुक्त आधार आहे तो पादचतुष्टयाचा. भिषक्, द्रव्य, उपस्थाता व रोगी असे चिकित्सेचे चार पाद, आणि प्रत्येकाचे चार गुण. उपस्थात्याचे गुण पाहा: उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग, शौच. यांतील अनुराग आमच्या मावशींच्या ठायी भरपूर होता. म्हणूनच रुग्ण त्यांच्याशी बोलले. दाक्ष्य व शौचही होते. उपचारज्ञता मात्र आपोआप येत नाही. ती द्यावी लागते, आणि ती देणे हे भिषकाचे कर्तव्य आहे. आपण पाद चार मानतो व शिक्षण एकालाच देतो. त्या ज्येष्ठ दंतवैद्यांनी संहिता वाचली असेल वा नसेल; त्यांनी आचरण मात्र तिच्याप्रमाणे केले.

तद्विद्यसंभाषेचाही येथे उल्लेख केला पाहिजे. विमानस्थानात ज्ञानवृद्धीचे उपाय म्हणून अध्ययन, अध्यापन व तद्विद्यसंभाषा हे तीन सांगितले आहेत, आणि संभाषेचे संधाय व विगृह्य असे दोन प्रकार केले आहेत. सभा-परिषदांत आपण बहुधा दुसऱ्या प्रकाराचा सराव करतो. पहिला प्रकार, ज्यात आपले अज्ञान निःसंकोचपणे उघड करता येते, त्यासाठी दोनच माणसे व बंद दार लागते.

आजची व्यवस्था

ब्रिटनमध्ये १९९३ पासून, तेथील नव्या दंतवैद्यास राष्ट्रीय आरोग्य सेवेत सामान्य दंतचिकित्सा स्वतंत्रपणे करावयाची असल्यास, पदवीनंतर एक वर्ष मान्यताप्राप्त प्रशिक्षकाच्या चिकित्सालयात काम करणे आवश्यक झाले. त्याची खुर्ची वेगळी, रुग्ण त्याचे. परंतु प्रशिक्षक त्याच छपराखाली, हाकेच्या अंतरावर, आणि आठवड्यातून एक तास केवळ दोघांच्या संवादाचा. त्या व्यवस्थेचे नाव पुढे बदलले. गाभा तोच राहिला.

आपल्याकडे १९८८ मध्ये दिल्ली येथे स्थापन झालेल्या राष्ट्रीय आयुर्वेद विद्यापीठाने गुरुशिष्यपरंपरेचा अभ्यासक्रम चालविला आहे. तीत पदवीधर वैद्य नामवंत गुरूंजवळ राहून शिकतो. हा प्रयत्न मोलाचा आहे. पण तेथे शिष्य गुरूंच्या चिकित्सालयात जातो. गुरू शिष्याच्या चिकित्सालयात येत नाहीत. शिष्य परत आल्यावर त्याची जागा, त्याची साधने, त्याच्या मावशी व त्याचे रुग्ण निराळे असतात, आणि शिकलेल्यातील बराचसा भाग तेथे लागू करता येत नाही. ही त्रुटी दंतवैद्यांच्या पद्धतीने भरून निघते.

नोव्हेंबर २०२० मध्ये भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषदेच्या अधिसूचनेत शल्य व शालाक्य विषयांच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी अठ्ठावन्न कर्मे नमूद झाली. त्यांत दंतविषयक कर्मेही होती. त्यावर मोठा वाद झाला, दोन्ही बाजूंनी कठोर शब्द वापरले गेले. त्या वादात आम्ही येथे शिरत नाही. एवढेच म्हणतो की अधिकार राजपत्रातून मिळतो. हात मिळत नाही. ज्यास अधिकार मिळाला आहे त्यानेच आपल्या शेजारी कोणाला तरी बसविण्याचा आग्रह धरावा. विरोधकांना याहून चांगले उत्तर आम्हांस सुचत नाही.

मार्गदर्शनाचे नियम

त्या वर्षभरातील निरीक्षण व पुढे स्वतः तीन तरुण वैद्यांसमवेत केलेला प्रयोग, यांतून आम्हांस जे नियम उपयुक्त वाटले ते असे :

१. प्रथम पाहावे, मग बोलावे. पहिल्या सत्रात मार्गदर्शकाने मौन पाळावे. न पाहता दिलेला सल्ला म्हणजे परीक्षणाशिवाय दिलेले औषध.

२. रुग्णास आधी सांगावे. आज आणखी एक वैद्य उपस्थित राहतील, हे सांगून अनुमती घ्यावी. नकार आल्यास मार्गदर्शकाने निमूटपणे बाहेर जावे. टिपणे व छायाचित्रे दूरध्वनीवरून पाठवावयाची झाल्यास नाव व ओळख वगळावी.

३. शिकणाऱ्याच्या हातातील उपकरण काढून घेऊ नये. रुग्णास धोका असेल तोच अपवाद. त्यासाठी आधी एक वाक्य ठरवावे. ‘जरा थांबू या’ असे मार्गदर्शक म्हणताच शिकणाऱ्याने हात थांबवावा, प्रश्न नंतर विचारावेत. रुग्णासमोर चूक दाखवू नये.

४. त्याच दिवशी बसावे, आणि शिकणाऱ्याने आधी बोलावे. काय चांगले झाले, काय चुकले, पुन्हा केल्यास काय निराळे करीन, हे त्याने स्वतः सांगावे. बहुतेक वेळा त्याला आपली चूक ठाऊक असते. ती उच्चारण्याची सोय नसते.

५. एका भेटीत एकच बदल. दहा सूचना दिल्यास एकही टिकत नाही. पुढील भेटीत प्रथम त्या एका बदलाचे काय झाले ते पाहावे.

६. सहायकांस स्वतंत्र वेळ द्यावा. मालक-वैद्य समोर नसताना त्यांचे म्हणणे ऐकावे, त्यांना ‘अहो-जाहो’ करावे, आणि प्रत्येक नियमामागील कारण सांगावे.

७. विक्रीशी संबंध नसावा. जो मार्गदर्शक एखाद्या कंपनीचे इम्प्लांट, यंत्र वा औषध घेण्यास सुचवितो व त्याचा खर्च तीच कंपनी करते, त्याचे शिक्षण तपासून घ्यावे. मानधन द्यावयाचे ते शिकणाऱ्याने, उघडपणे.

८. शेवट ठरलेला असावा. वर्षभरात शिकणारा स्वतःच्या चुका स्वतः पाहू लागला, तर मार्गदर्शन यशस्वी झाले. त्याला आपल्यावाचून चैन पडेनासे होणे हे अपयश होय.

मर्यादा

या पद्धतीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. ती वेळखाऊ आहे. व्याख्यान एकाच वेळी दोनशे जणांना देता येते, शेजारी मात्र एकाच्याच बसता येते. शिवाय गुरूंच्या कौशल्याबरोबर त्यांचे दोषही शिष्यात उतरतात. आमच्याकडे आलेल्या एका तरुण वैद्याने आमची बस्तिदानाची पद्धत उचलली आणि तिच्यासोबत आमची घाईही उचलली. ती त्याच्या हातात दिसली तेव्हा प्रथम आम्हांस आमच्या हातातील कळली. म्हणून शिकणाऱ्याने संहिता व आधुनिक ग्रंथ दोन्ही उघडे ठेवावेत, आणि मार्गदर्शकाने ‘मी करतो तसे कर’ याऐवजी ‘का करतो ते विचार’ असे म्हणावे. चरकाचार्यांनी शिष्यास आचार्यांची परीक्षा करण्याचा अधिकार दिला आहे. तो आजच्या शिष्याने सोडू नये.

उपसंहार

त्या दंतवैद्यांकडून आम्ही चार प्रश्नांचा कागद मागून घेतला व आपल्या कर्मांस अनुसरून बदलला. रक्त पातळ करणारी गोळी आहे काय. हृदय, मेंदू वा रक्तवाहिनीची शस्त्रक्रिया झाली आहे काय. गर्भारपणाची शक्यता आहे काय. आणि दुसऱ्या कोणाचे कोणतेही औषध, इंजेक्शन, सलाइन चालू आहे काय. रक्तमोक्षणापूर्वी हे प्रश्न आम्ही विचारतोच, पण आमच्या आधी मावशी विचारतात. त्यांना अक्षरे फारशी येत नाहीत; त्यांनी चार बोटांवर चार प्रश्न बसविले आहेत. गेल्या पावसाळ्यात जलौकेसाठी आलेल्या एका आजींना त्यांनी बाहेरच्या बाकावरच बसवून ठेवले आणि आत येऊन म्हणाल्या, ‘डॉक्टर, तिसऱ्या बोटापर्यंत ठीक. चौथ्याला त्या थांबल्या. तुम्ही विचारा.’ चौकशीत निघाले की मुलगा मुंबईहून रक्त पातळ होण्याच्या गोळ्या पाठवीत होता. आजी त्यांना ‘ताकदीच्या गोळ्या’ समजत होत्या. पहिल्या प्रश्नाला त्यांनी खरेच उत्तर दिले होते, आणि चौथा नसता तर आम्ही जलौका लावल्या असत्या. त्या दिवशी त्या लावल्या नाहीत.

प्रत्येक तालुक्यात दहा-वीस वर्षे एखादे कर्म निष्ठेने केलेले वैद्य आहेत, आणि त्याच तालुक्यात ते कर्म एकट्याने, भीत भीत करणारे तरुण वैद्यही आहेत. दोघांमधील अंतर बहुधा एस.टी.च्या तासाभराच्या प्रवासाइतके असते. ज्येष्ठांनी महिन्यातील अर्धा दिवस द्यावा. तरुणांनी संकोच सोडून बोलावावे, आणि बोलावताना आपली बिघडलेली प्रकरणे आधी समोर ठेवावीत. शाखांनी अशा इच्छुकांची यादी करून जोड्या लावून दिल्या, तर एखाद्या परिषदेच्या मंडपखर्चाहून कमी खर्चात मोठे काम होईल. आणि ज्यांच्या शेजारी एखादे दंतवैद्य असतील त्यांनी एकदा अनुमती घेऊन त्यांच्याकडे जाऊन बसावे. खुर्चीकडे पाहावे, आणि तितक्याच लक्षपूर्वक खुर्चीच्या डाव्या बाजूस बसलेल्या सहायिकेकडेही पाहावे, अशी वैद्यगणास नम्र विनंती आहे.